धूर दाटलेल्या दिवसांत घरातली एक खोली राखताना

होळीच्या आगेमागे सह्याद्रीच्या उतारांवर रात्री आगीच्या वेड्यावाकड्या रेषा दिसू लागतात. गवत जाळले की पुढच्या पावसात ते अधिक जोमाने येते, हा समज अजून पुरता गेलेला नाही. विदर्भात मोहफुले वेचणे सोपे जावे किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून जंगलातला पालापाचोळा पेटवला जातो, आणि कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना उडालेली एखादी ठिणगी शेजारच्या काजूच्या बागेत शिरते. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य आणि आसपासचे डोंगर पेटले, तेव्हा आगीवर पाणी टाकण्यासाठी नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. जानेवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईत देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस पूर्व उपनगरांवर बसून राहिला आणि तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आग डोंगरावरची असो, कचऱ्याची असो किंवा हिवाळ्यात शहरावर साचून राहिलेली धूळ आणि वाहनांचा धूर असो, घरात बसलेल्या माणसाने स्वतःसाठी आणि आपल्या माणसांसाठी करायचे काम बव्हंशी सारखेच असते.

आख्ख्या गावाची हवा आपल्याला एका दिवसात निवळता येत नाही. मात्र घरातली एक खोली आधीपासून तयार ठेवणे, धुराच्या दिवसांत घरातल्या नाजूक प्रकृतीच्या माणसांचा जास्तीत जास्त वेळ, विशेषतः झोपेचे सात-आठ तास, त्या खोलीत जातील असे पाहणे आणि उरलेल्या वेळात छातीत जाणारा धूर शक्य तितका कमी करणे, एवढे बहुतेक घरांना जमण्यासारखे आहे. धुराचा अपाय छातीत किती धूर किती वेळ गेला यावर ठरतो, त्यामुळे निम्मा धूर टळला तरी त्याचा खरा फायदा होतो. सगळा टाळता येत नाही म्हणून काहीच न करणे, ही या बाबतीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

धुरात नेमके काय असते

लाकूड, गवत आणि पाने जळताना निघणाऱ्या धुरात अनेक वायू असतात, परंतु दूरवर पोहोचून माणसांना त्रास देणारा मुख्य घटक म्हणजे पीएम २.५, म्हणजेच अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे कण. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणांच्या आकाराची कल्पना यावी. नाकातले केस आणि घशातला कफ मोठी धूळ अडवतात. हे कण मात्र फुप्फुसातल्या सर्वांत आतल्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे आणि खोकला ही त्याची वरवरची लक्षणे होत. दम्याचा झटका, जुन्या श्वसनविकाराची उचल, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही अशा दिवसांत वाढतो, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी बोलली जात नाही. धूर हा फक्त छातीचा प्रश्न आहे असे समजून हृदयरोगी निर्धास्त राहतात, आणि तेच जास्त काळजीचे आहे.

कचऱ्याचा धूर याहून वाईट असतो. त्यात प्लॅस्टिक, रबर आणि रंग जळलेले असतात व डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. म्हणून गल्लीच्या टोकाला पेटवलेला कचऱ्याचा लहानसा ढीगदेखील शेजारच्या घरांच्या दृष्टीने दूरच्या मोठ्या वणव्याइतकाच महत्त्वाचा मानावा आणि तो लगेच विझवून घ्यावा.

आकडा पाहताना घ्यायची काळजी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या अ‍ॅपवर आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभारलेल्या ‘सफर’ या सेवेवर हवेचा निर्देशांक पाहता येतो. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर समजली जाते. यात दोन ठिकाणी फसगत होते. पहिली अशी, की हा निर्देशांक मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात. संध्याकाळी अचानक धुराचा लोट आला तर आकडा लगेच उसळत नाही, आणि हवा निवळल्यावरही तो बराच वेळ चढाच राहतो. त्यामुळे जिथे पीएम २.५ चा ताशी आकडा मिळतो तिथे तो पाहावा, आणि नाकाला व डोळ्यांना धूर जाणवत असेल तर आकडा काहीही म्हणो, धूर आहे असेच धरून चालावे.

दुसरी फसगत मोजपट्टीची आहे. हवेच्या एका घनमीटरमध्ये ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल तर भारतीय निर्देशांक १०० दाखवतो आणि हवेला समाधानकारक म्हणतो; त्याच हवेला अमेरिकी निर्देशांक १५० च्या वर नेऊन अपायकारक ठरवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली २४ तासांची मर्यादा तर अवघी १५ मायक्रोग्रॅम आहे. अनेक खासगी अ‍ॅप अमेरिकी पट्टी वापरतात, म्हणून एकाच गावाचे दोन आकडे दिसले की गोंधळून न जाता कोणती पट्टी आहे ते आधी पाहावे. आपल्या पट्टीवर १०० ओलांडले की दमेकरी, हृदयरोगी, गर्भवती, लहान मुले आणि वयस्कर माणसे यांनी सावध व्हावे, आणि २०० ओलांडले की सर्वांनीच बाहेरची दगदग टाळावी, असे मी सुचवीन.

खेड्यात बहुधा मोजणीचे केंद्र जवळपास नसते. तिथे ओळखीच्या खुणा उपयोगी पडतात: रोज स्पष्ट दिसणारा समोरचा डोंगर किंवा देवळाचा कळस धूसर झाला, तर धूर घरापर्यंत आला आहे हे निश्चित समजावे. भारतीय वन सर्वेक्षण विभाग उपग्रहांच्या मदतीने आगींची सूचना देतो आणि ती कोणालाही मोबाइलवर नोंदणी करून मिळवता येते. महाराष्ट्रात वणवा दिसला तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. आग लवकर विझणे हाच धुरावरचा सर्वांत चांगला इलाज आहे.

खोली निवडणे आणि तयार करणे

ज्या खोलीत सर्वजण किंवा निदान घरातली नाजूक माणसे झोपू शकतील, जिला कमीत कमी दारे-खिडक्या आहेत आणि जी स्वयंपाकघराला लागून नाही, अशी खोली निवडावी. खिडकीच्या फटींना कागदी चिकटपट्टी लावावी आणि दाराच्या खालच्या फटीत जुन्या लुगड्याची किंवा चादरीची घट्ट गुंडाळी सरकवावी. कौलारू घरात कौले आणि भिंत यांच्यामधली मोकळी जागा हीच मोठी अडचण असते. तिथे खोलीवर जाड प्लॅस्टिकचे किंवा दाट विणीच्या कापडाचे छत ताणून बांधले, तर पुष्कळ फरक पडतो.

परवडत असेल तर या एका खोलीसाठी हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कणही अडवणारी दाट गाळणी) असलेला एअर प्युरिफायर घ्यावा. घेताना जाहिरातीतल्या विशेषणांकडे न पाहता खोक्यावर छापलेला सीएडीआर हा आकडा पाहावा, कारण ते यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते ते त्यावरून समजते. हिशेब सोपा आहे. दहा फूट बाय बारा फूट आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ती तासात पाच वेळा गाळली जावी असे वाटत असेल, तर साधारण १७० घनमीटरचे यंत्र लागेल. याहून मोठे यंत्र घेऊन ते मधल्या वेगावर चालवणे अधिक चांगले, कारण पूर्ण वेगाचा आवाज झोपेच्या वेळी सहन होत नाही आणि मग यंत्र बंद केले जाते. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नयेत. ओझोन स्वतःच फुप्फुसांना इजा करतो.

महागडे यंत्र नको असेल तर पंख्याला फिल्टर बांधण्याचा मार्ग आहे. २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी चौकोनी पंखा आणि ‘मर्व्ह १३’ दर्जाचे, म्हणजे धुराचे बरेचसे सूक्ष्म कण अडवणारे, चार फिल्टर एकमेकांना चिकटवून तयार केलेला खोका आता कॅलिफोर्नियात आणि इतरत्र अनेक घरांत वापरला जातो, आणि वणव्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या तिकडच्या मराठी कुटुंबांना त्याचे साहित्य सहज मिळते. आपल्याकडे तसा चौकोनी पंखा क्वचितच असतो, पण एअर प्युरिफायरसाठी मिळणारा बदली हेपा फिल्टर टेबलफॅनच्या पुढे, कडेने हवा निसटणार नाही अशा रीतीने, पुठ्ठा आणि चिकटपट्टीने बसवला तर लहान खोलीपुरते काम होते. फिल्टरमुळे मोटारीवर ताण येतो, म्हणून जुना पंखा वापरू नये आणि घरात कोणी जागे नसताना तो चालू ठेवू नये.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे तो चालवायला हरकत नाही, मात्र त्याची जाळी मोठी धूळ अडवते, धूर नव्हे. खिडकीच्या एसीत बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, ती बंद करावी. कूलरचे तसे नाही. कूलर बाहेरची हवा ओढून खोलीत सोडतो, आणि वाळ्याच्या ओल्या ताट्या धुराचे कण अडवू शकत नाहीत.

इथे विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या वाचकांसाठी थोडे थांबून लिहिणे भाग आहे, कारण परदेशी सूचना जशाच्या तशा उचलल्या तर त्या जिवावर बेतू शकतात. आपला वणव्याचा हंगाम आणि उन्हाळा एकच असतो. चंद्रपुरात पारा ४५ अंशांवर असताना पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घराची सगळी दारे-खिडक्या लावून बसणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे होय. धूर बहुतांश लोकांना दिवसांच्या हिशेबाने त्रास देतो, उष्माघात मात्र काही तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून दोन्ही एकदम आले तर आधी उष्णतेपासून वाचावे. सुदैवाने डोंगराळ भागात धूर बहुधा रात्री आणि पहाटे खाली उतरून दरीत साचतो व दुपारी तापलेल्या हवेबरोबर वर उचलला जातो. तेव्हा गारव्याच्या वेळी, म्हणजे रात्री उशिरापासून सकाळपर्यंत, खोली बंद ठेवावी आणि दुपारी ऊन असह्य झाले की कूलर लावावा, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी करता येते. गावातल्या एखाद्या वाचनालयात, बँकेत किंवा नातेवाइकांकडे एसी असेल, तर वयस्कर माणसांनी दुपारचे दोन-तीन तास तिथे काढणे हाही उत्तम उपाय आहे.

खोली बंद केल्यावर आतला धूर हा स्वतंत्र विषय होतो. बंद घरात लावलेली एकच डासांची कॉइल बाहेरून आत आलेल्या धुरात मोठी भर घालते; तीच गोष्ट उदबत्ती, धूप आणि कापराची. देवापुढे त्या दिवसांत फुले आणि लहानशी समई पुरेशी आहे, आणि डासांसाठी मच्छरदाणी बांधावी. खमंग फोडणी, तळण आणि भाजणे टाळून वरणभात, खिचडी, उकडलेले पदार्थ करावेत. केरसुणीने झाडल्यास खाली बसलेले कण पुन्हा हवेत उठतात, म्हणून ओल्या फडक्याने फरशी पुसावी.

आणखी एक इशारा अत्यंत गांभीर्याने द्यावासा वाटतो. दारे-खिडक्या लावलेल्या घरात गॅसचा गिझर, कोळशाची शेगडी किंवा जनरेटर मुळीच चालवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि हिवाळ्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. बाहेरची हवा थोडी निवळली की, मग ती दुपार असो वा मध्यरात्र, अर्धा तास खिडक्या उघडून खोलीतली कोंदट हवा बाहेर जाऊ द्यावी.

मास्क

ओला रुमाल, ओढणी, कापडी मास्क आणि दवाखान्यातला निळा मास्क यांनी धुराचे सूक्ष्म कण थांबत नाहीत; नाकापाशी बरे वाटते इतकेच, आणि त्या खोट्या भरवशावर माणूस जास्त वेळ बाहेर राहतो. एन-९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी २ असे छापलेला मास्क घ्यावा. तो चेहऱ्याला सर्व बाजूंनी घट्ट बसला तरच त्याचा उपयोग आहे. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागे जाणारे पट्टे चांगले पकडतात. नाकावरची पट्टी दाबून बसवावी, दोन्ही हात मास्कवर ठेवून जोराने उच्छ्वास सोडावा आणि कडेने हवा निसटते का ते पाहावे. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. झडप असलेला मास्क धुरासाठी चालतो. मास्क आतून ओला झाला, मळला किंवा त्यातून श्वास घेणे जड वाटू लागले की बदलावा. धुऊन वापरू नये.

दोन वर्षांखालील मुलांना मास्क कधीही लावू नये. त्याहून मोठ्या मुलांच्या चेहऱ्याला मोठ्यांचे मास्क नीट बसत नाहीत, म्हणून मुलांच्या बाबतीत घरात ठेवणे हाच मुख्य उपाय समजावा. श्वसनाचा किंवा हृदयाचा गंभीर विकार असलेल्यांनी मास्क वापरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. शिवाय हा मास्क कण गाळतो, वायू नाही. आग जवळ आली असेल तर मास्कच्या भरवशावर न थांबता ती जागा सोडावी.

फिरणे, व्यायाम आणि बाहेरची कामे

शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा लिटर हवा आत घेतो. धावताना हेच प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि श्वास तोंडाने घेतला जात असल्यामुळे नाकाची चाळणीही टळते. म्हणून पहाटेचा फेरफटका हा हिवाळ्यातला आपला आवडता नेम धुराच्या दिवसांत नेमका चुकीच्या वेळी येतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते, आणि सूर्य चांगला वर येईपर्यंत सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडलेला असतो. मुंबईत तर दुपारी समुद्रावरून वारा सुटला की हवा बऱ्याचदा निवळते. फिरणे सोडवत नसेल तर ते सकाळी उशिरा किंवा दुपारनंतर, हवेचा आकडा पाहून, वर्दळीच्या रस्त्यापासून दूर करावे. योगासने आणि प्राणायाम बंद खोलीतच करावेत. धुरात बसून केलेला दीर्घ श्वास लाभाऐवजी हानी करतो.

शेतात, बांधकामावर किंवा रस्त्यावर काम करणाऱ्यांना घरात बसा असे सांगणे निरर्थक आहे. त्यांच्यासाठी कामाच्या वेळा बदलणे, जड कामे धूर कमी असलेल्या तासांत करणे आणि चांगले मास्क पुरवणे ही जबाबदारी काम देणाऱ्याची आहे, आणि ती मागून घेण्यात संकोच करू नये. गाडीत काचा लावून आतली हवा फिरवणारे बटण दाबावे.

औषधे, बाळंतीण आणि धोक्याच्या खुणा

दम्याच्या रुग्णांनी रोजचा प्रतिबंधक पंप हंगाम सुरू होण्याआधीच नियमित घ्यायला लागावे. बरे वाटते म्हणून तो सोडणारे अनेक जण असतात आणि पहिल्या धुरातच त्यांना रात्री दवाखाना गाठावा लागतो. झटक्याच्या वेळी घ्यायचा पंप उशाशी असावा, तो स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लावून घ्यावा, आणि दम्याची, हृदयाची व रक्तदाबाची औषधे निदान दहा दिवस पुरतील इतकी घरात असावीत. झटका आला तर काय घ्यायचे आणि किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन तो कागद सर्वांना दिसेल असा भिंतीवर लावावा.

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक देण्याची आणि ओवा, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून धुरी देण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. ती मायेपोटी केली जाते हे खरे, परंतु नवजात बाळाची फुप्फुसे अत्यंत कोवळी असतात आणि वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते. धुरी कोणत्याच दिवशी देऊ नये. बाहेर धूर असताना तर नाहीच. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी पुरते. घरातल्या आजींना हे समजावताना परंपरेला नावे न ठेवता बाळाच्या छातीची गोष्ट सांगितली तर त्या ऐकतात.

गूळ खाल्ल्याने फुप्फुसे धुतली जातात, हा समज निराधार आहे. वाफेने चोंदलेले नाक मोकळे होते, गरम पाण्याने घसा शांत होतो, आणि तेवढ्यासाठी त्यांचा वापर जरूर करावा, पण आत गेलेले कण त्यांनी बाहेर येत नाहीत. कुंडीतली झाडेही खोलीची हवा गाळू शकत नाहीत.

बोलताना वाक्य पूर्ण होत नाही इतकी धाप, छातीत दुखणे किंवा जडपणा, ओठ वा नखे निळसर पडणे, पंप घेऊनही न थांबणारी घरघर, अचानक गोंधळल्यासारखे वागणे, चेहऱ्याची किंवा हातापायाची एक बाजू लुळी पडणे, यांतले काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात असतील किंवा ते दूध ओढेनासे झाले असेल, तर तीही तितकीच तातडीची वेळ आहे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरात असेल तर ९४ च्या खाली आकडा गेल्यावर डॉक्टरांशी बोलावे. मात्र आगीच्या अगदी जवळ राहिलेल्या किंवा बंद खोलीत शेगडीशेजारी सापडलेल्या माणसाच्या बाबतीत त्या यंत्रावर विसंबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडची बाधा असतानाही ते नेहमीसारखाच आकडा दाखवते. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी असेल तर त्या माणसाला मोकळ्या हवेत आणून थेट रुग्णालयात न्यावे.

धूर ओसरल्यावर

अंगणात आणि गच्चीवर पडलेली राख कोरडी झाडू नये. तिच्यावर हलके पाणी शिंपडावे, मास्क आणि हातमोजे घालून ती ओल्या फडक्याने गोळा करावी आणि मुलांना तोवर दूर ठेवावे. घरे किंवा गाड्या जळलेल्या ठिकाणची राख पानांच्या राखेपेक्षा कितीतरी विषारी असते, त्यामुळे अशा ठिकाणी साफसफाई जाणकारांवरच सोपवावी. पांघरुणे आणि पडदे धुवावेत, एसीची जाळी काढून स्वच्छ करावी आणि प्युरिफायरचा फिल्टर काळवंडला असेल किंवा त्याला धुराचा वास येत असेल तर ठरलेली मुदत संपण्याआधीच बदलावा. बदलल्याची तारीख फिल्टरच्या कडेवर पेनाने लिहून ठेवावी, वापरलेल्या मास्कच्या जागी तेवढेच नवे आणून औषधांच्या डब्यात ठेवावेत आणि खिडकीच्या ज्या फटींतून या वेळी धूर आत आला त्या फटी पुढची होळी येण्याआधी बुजवून घ्याव्यात.